गरम झऱ्यांच्या दरीत ‘आपल्या पोरी’: आइसलंडमधले सहा दिवस

मंगळवार, ९ जुलै २०२४

केफ्लाविक विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने ओढणी थेट तोंडावर आणली. जुलैची दुपार, ऊन पडलेलं, तरी हुडहुडी भरत होती. भाची जॅकेट हातात घेऊनच उभी होती. "आत्या, आधी हे घाल, मग बोलू." ती इथे जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज कशी करतात ते शिकायला आली आणि इथलीच होऊन गेली. मी कोल्हापुरात शाळेत खेळ शिकवते, मुलींचा फुटबॉल संघ सांभाळते. तिने तीन वर्षं बोलावलं ते हिमनद्या आणि धबधबे बघायला. मी तारखा धरल्या त्या शुक्रवारच्या सामन्याच्या. १२ जुलैला आइसलंडच्या मुली घरच्या मैदानावर जर्मनीशी खेळणार होत्या, २०२५ च्या युरोसाठीचा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेसाठीचा, पात्रता सामना.

या अख्ख्या देशाची वस्ती चार लाखांच्या आत आहे. एकट्या कोल्हापूर शहरात याहून जास्त माणसं राहतात. समोर जर्मनी, दोनदा विश्वविजेती आणि आठ वेळा युरोप जिंकलेली. त्यात आइसलंडच्या बायका सलग पाचव्या युरोच्या दारात उभ्या. २००९, २०१३, २०१७ आणि २०२२, चारही स्पर्धा त्या खेळल्यात. हे कसं जमतं, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

विमानतळापासून राजधानी रेक्याविक पन्नास किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळा लाव्हा, त्यावर राखाडी शेवाळाची गोधडी. झाड औषधालाही नाही. केफ्लाविक गावात भाचीने गाडी आत वळवली. "तुला दाखवायचं आहे काहीतरी." एका भल्यामोठ्या गोदामासारख्या इमारतीपुढे थांबलो. आत पूर्ण मापाचं फुटबॉलचं मैदान, वर छप्पर, खाली कृत्रिम गवत. अशी पहिली इमारत देशात इथे २००० साली उभी राहिली. डिसेंबरात इथे जेमतेम चार तास उजेड असतो, मैदानं गोठतात. त्याआधी हिवाळ्यात पोरं खडीवर नाहीतर शाळेच्या छोट्या हॉलमध्ये खेळायची. २००० नंतर गावोगावी असे हॉल झाले. संघाची आजची सगळ्यात वेगवान खेळाडू स्वेन्डिस योन्सदोत्तिर याच केफ्लाविकची, जन्म २००१ चा. हॉल तिच्यापेक्षा एक वर्षाने मोठा.

पुढे उजव्या हाताला ग्रिंदाविकचा फाटा लागला. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री, जमिनीखाली वितळलेला खडक सरकतोय हे कळल्यावर, ते सगळं गाव रिकामं केलं होतं. साडेतीन हजारांहून जास्त माणसं. त्यानंतर तिथे पुन्हा पुन्हा ज्वालामुखी फुटला, जानेवारीत तर लाव्हा घरांपर्यंत आला. फाट्याकडे बघत भाची म्हणाली, "संघातली इंगिब्योर्ग इथली." एवढंच. मग बराच वेळ आम्ही कुणीच बोललो नाही.

रेक्याविकच्या आधी हाफ्नारफ्योर्दूर लागतं, बंदराचं गाव. हाउकार नावाचा तिथला क्लब. सारा ब्योर्क गुन्नारसदोत्तिर तिथे खेळायला शिकली, पुढे वर्षानुवर्षं देशाची कप्तान झाली आणि २०२० मध्ये ल्यों या फ्रेंच क्लबकडून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोल केला. माझ्या मुलींना मी तिची गोष्ट सांगते ती मात्र गोलासाठी नाही. २०२१ मध्ये ती गरोदर राहिली आणि क्लबने पगार कापला. ती गप्प बसली नाही, फिफाच्या न्यायाधिकरणाकडे गेली. तिला ८२ हजार युरोंहून जास्त थकीत रक्कम द्यायचा आदेश झाला. बाळंतपणाबद्दलचे फिफाचे नवे नियम तेव्हा नुकतेच आले होते. ते निव्वळ कागदावर राहणार नाहीत हे तिच्यामुळे सगळ्या जगाला कळलं.

रात्री अकराला झोपायला गेले तेव्हा खिडकीत लख्ख उजेड होता.

बुधवार, १० जुलै

सकाळी नाश्त्याला स्किर. आपला चक्काच, फक्त थोडा सैल, वर जंगली बेरी. मी त्यात साखर आणि वेलची घातली तेव्हा भाचीच्या घरमालकीण बाई कौतुकाने बघत राहिल्या.

मैदान बघायला चालत निघालो ते लॉयगावेगुर या मुख्य रस्त्याने. दुकानं, कॉफीची ठिकाणं, प्रवाशांची झुंबड. नावाचा अर्थ ‘झऱ्यांकडे जाणारा रस्ता’. गावाच्या पूर्वेला एका दरीत गरम पाण्याचे झरे आहेत. रेक्याविकच्या बायका कपड्यांची बोचकी पाठीवर लादून, बर्फात घसरगाडीवर ओढत, तीनेक किलोमीटर चालत तिथे धुणं धुवायला जायच्या. त्यांची पायपीट जरा सुसह्य व्हावी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा रस्ता बांधला. दरीचं नाव लॉयगारदालुर, झऱ्यांची दरी. देशाचं राष्ट्रीय फुटबॉल मैदान याच दरीत आहे.

धुण्याची ती जागा अजून राखून ठेवली आहे. दगडी चर, आणि त्यावर ओळीने लोखंडी कमानी. त्या शोभेच्या नाहीत. बाया वाकून कपडे खळबळताना उकळत्या पाण्यात पडत, काहींचे जीव गेले, म्हणून त्या बसवल्या. मी एका कमानीवर हात ठेवला. गार लोखंड, गंजाने खरबरीत झालेलं, आणि ज्या उंचीला पोट टेकेल नेमकी त्या उंचीला. माझी आजी पंचगंगेच्या घाटावर धुणं धुवायची. हात कोपरापर्यंत लाल झालेली ती माझ्या डोळ्यांपुढे आली.

मैदान तिथून चालत दहा मिनिटांवर. दहा हजारांहून थोडी कमी माणसं मावतील एवढं. दोन लांब बाजूंना स्टँड, दोन्ही टोकं उघडी, भोवती धावण्याची पट्टी. शेजारी पोहण्याचा मोठा तलाव. फाटकाशी उभं राहून मी बराच वेळ बघत होते. एवढ्याशा जागेत केवढं काय झालंय!

आइसलंडच्या बायका पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या २० सप्टेंबर १९८१ ला, स्कॉटलंडमध्ये. ३-२ ने हरल्या. त्याच्या एकच वर्ष आधी या देशाने विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं होतं, निवडणुकीने त्या पदावर बसलेली जगातली पहिली बाई. आणि त्या निवडणुकीच्याही पाच वर्षं आधी, २४ ऑक्टोबर १९७५ ला, देशातल्या नव्वद टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं होतं, कचेरीतलं आणि चुलीपुढचंही. अशा देशात तरी मुलींच्या फुटबॉलला मोकळी वाट मिळाली असेल असं मला वाटायचं. तसं झालं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काही वर्षं फुटबॉल संघटनेने महिलांचा राष्ट्रीय संघ मैदानात उतरवलाच नाही. खेळाडू भांडल्या, तेव्हा तो नव्वदच्या दशकात परत उभा राहिला. त्या काळातल्या खेळाडू वांदा सिगुरगेर्सदोत्तिर पुढे राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक झाल्या. २०२१ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी हाताळण्यावरून संघटनेचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी पायउतार झाली, तेव्हा अध्यक्षपदी निवडून आलेली पहिली बाई त्याच. मैदानावरची बाई खुर्चीपर्यंत पोहोचायला एवढी वर्षं लागली, तीही आइसलंडमध्ये.

आणि ३० ऑक्टोबर २००८. त्या महिन्यात देशातल्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या होत्या. लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी, घरांची कर्जं, सगळंच हवालदिल. याच मैदानावर, गोठून टणक झालेल्या जमिनीवर, मुलींनी आयर्लंडला ३-० ने हरवलं आणि युरो २००९ गाठली. पुरुष असोत की बायका, आइसलंडचा वरिष्ठ फुटबॉल संघ मोठ्या स्पर्धेला पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. पुरुषांना त्यासाठी २०१६ उजाडावं लागलं. जगाला मात्र तेव्हा पुरुषांच्या संघाने प्रेक्षकांसोबत तालात वाजवलेल्या टाळ्याच आठवतात. मला याचं वाईट वाटतं, आणि मी ते भाचीच्या मित्रांपुढे रात्री जेवताना बोलूनही दाखवलं. एकाने मान डोलावली आणि म्हणाला, इथे मुलींच्या संघाला ‘स्तेल्पुर्नार ओक्कार’ म्हणतात. आपल्या पोरी.

गुरुवार, ११ जुलै

रेक्याविकला चिकटून असलेल्या कोपावोगुर शहरात आजपासून सीमामोत, ब्रेदाब्लिक क्लबने भरवलेली मुलींची स्पर्धा. साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुली, देशभरातून, तीन हजारांच्या आसपास. चार लाखांच्या देशात तीन हजार! संध्याकाळी संचलन होतं. क्लबचे झेंडे, हिरवे, लाल, पिवळे शर्ट, कुणाच्या गालावर रंग, कुणाचा दात पडलेला. लांबच्या गावांच्या मुली शाळांच्या वर्गांत गाद्या टाकून झोपतात. आईवडील गाड्यांतून डबे, जॅकेटं, गाद्या वाहतात.

मैदानाच्या कडेला एका सहा-सात वर्षांच्या गोलरक्षक मुलीपाशी थांबले. हातमोजे तिच्या हातापेक्षा दुप्पट. बुटाची नाडी सुटलेली, आणि मोजे काढल्याशिवाय ती बांधता येईना, मोजे काढायची तर तयारी नाही. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी गुडघ्यावर बसली, नाडी बांधली, दुहेरी गाठ मारली, गाठ बुटात खोचली. मग पायमोजा खाली ओढून नडगीचं संरक्षक नीट बसलंय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं. एक शब्द न बोलता. ती त्या संघाची मदतनीस प्रशिक्षक होती. मी वीस वर्षं हे काम करतेय, म्हणून सांगते. गाठ बुटात खोचायला कुणीतरी शिकवावं लागतं, ते आपसूक येत नाही.

इथे सहा वर्षांच्या मुलांनाही शिकलेला, पगारी प्रशिक्षक असतो. मोठ्या मुली धाकट्यांना शिकवत शिकवत स्वतः प्रशिक्षणाची परीक्षा देतात. मुलांच्या खेळाच्या फीपोटी नगरपालिका पालकांना ठरावीक रक्कम देते. क्लब वस्तीचा असतो, जशी आमच्याकडे पेठेची तालीम. कोल्हापूरच्या तालमींनी फुटबॉल जिवापाड जपलाय, त्याचा मला अभिमान आहे. पण माझ्या मुलींना मैदान मिळतं ते मुलांचा सराव आटोपल्यावर, अंधार पडता पडता. कोपावोगुरच्या त्या हिरवळीवर एकाच वेळी पंधरा-वीस सामने चालू होते आणि प्रत्येक ठिकाणी चेंडूमागे मुलीच. घशाशी आलं. भाचीने पाठीवर हात ठेवला, काही विचारलं नाही.

शुक्रवार, १२ जुलै

सामन्याचा दिवस. दुपारपासून लॉयगारदालुरकडे निळ्या शर्टांची रीघ. स्पर्धेतल्या कितीतरी मुली आपापल्या क्लबच्या शर्टात थेट मैदानातून इकडे आल्या होत्या. आमच्या मागच्या ओळीत अख्खा एक संघ, हातात सॉसेज-पाव, बुटांना माती. आमच्या पुढे एक साठीची बाई, गळ्यात पिवळा मफलर. ग्रिंदाविक क्लबचा.

एप्रिलमध्ये आखेनला जर्मनीने यांना ३-१ ने हरवलं होतं, आणि स्वेन्डिसला खांदा दुखावून अर्ध्यातून बाहेर जावं लागलं होतं. जर्मनी युरोसाठी आधीच पात्र ठरली होती. आइसलंडला आज जिंकलं की थेट तिकीट.

चौदावं मिनिट. उजव्या बाजूला, डाव्या बाजूला, कुठून आला ते मला आता नीट आठवत नाही, पण कॉर्नर होता आणि कारोलिना लेआने तो मारला. गर्दीतून एक डोकं सगळ्यांच्या वर आलं. इंगिब्योर्ग! चेंडू जाळ्यात, आणि स्टँड उठून उभा. पुढची ती बाई उठली, पण ओरडली नाही. मफलरची दोन्ही टोकं मुठीत धरून ती नुसती उभी राहिली, सगळे खाली बसल्यावरही. शेजारच्याने तिच्या कोपराला हात लावला तेव्हा बसली.

नंतर जर्मनीने दाबून धरलं. एक बचाव फळी कशी सरकते ते बघायचं असेल तर कप्तान ग्लोदिस विग्गोसदोत्तिरकडे बघावं. बायर्न म्युनिक या जर्मन क्लबकडून खेळते, म्हणजे समोरच्या कितीतरी जणी तिच्या रोजच्या ओळखीच्या. ती धावते कमी, बोलते जास्त. हात उंचावून दोन पावलं मागे, दोन पावलं पुढे, आणि तिच्यासोबत सगळी ओळ. मी वहीत तिच्या जागा टिपत होते. चेंडू पलीकडे असताना ती कुठे उभी आहे, हे टीव्हीवर कधीच दिसत नाही. त्यासाठीच तर एवढ्या लांब यायचं.

मध्यंतरानंतर ५२ व्या मिनिटाला अलेक्सांद्रा योहान्सदोत्तिरने दुसरा गोल केला. मागच्या पोरींनी माझ्या खांद्यावर सॉस सांडला आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. "आउफ्राम ईस्लांद!" मीही ओरडत होते. ‘चला आइसलंड, पुढे!’ ८३ व्या मिनिटाला स्वेन्डिस सुटली. तिच्या पायात तो वेग आला की बचावपटूच्या पाठीकडे बघूनच कळतं, आता ही पोहोचत नाही. तिसरा गोल. ३-० जर्मनीवर. युरो गाठली.

ही दुबळी जर्मनी नव्हती. पुढच्याच महिन्यात पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने कांस्यपदक जिंकलं.

शिट्टी वाजली आणि खेळाडू कठड्यापाशी आल्या. लहान मुलींनी शर्ट, टोप्या, हात, जे सापडेल ते पुढे केलं. एका मुलीने सही पायातल्या बुटावर घेतली, एका पायावर उभी राहून, कठडा धरून. जर्मनीला हरवणाऱ्या बाईच्या आणि त्या मुलीच्या मध्ये एक हातभर अंतर होतं.

भाची परतताना अचानक थांबली. "आत्या, तीन गोल कुणाचे? ग्रिंदाविक, हाफ्नारफ्योर्दूर, केफ्लाविक." आम्ही मंगळवारी आलो त्याच रस्त्यावरची तीन गावं! अलेक्सांद्राही हाउकारचीच. विमानतळापासून इथवर पाऊण तासाचा रस्ता, आणि त्यातून आजचे तिन्ही गोल आलेले.

शनिवार, १३ जुलै

दोन तास गाडी, मग हेर्योल्फुर नावाची बोट, आणि चाळीस मिनिटांत वेस्तमन्नाएयार बेटं. लाटा चांगल्याच होत्या, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री या गावाच्या कडेला जमीन फाटली. पाच हजारांवर माणसं एका रात्रीत मासेमारीच्या होड्यांतून बाहेर काढली. पाच महिने लाव्हा वाहत होता. बंदराचं तोंड बुजू नये म्हणून लोकांनी समुद्राचं पाणी मारून तो गोठवला. शेकडो घरं गेली, बंदर राहिलं, बहुतेक माणसं परत आली. आज चार हजारांच्या वर वस्ती आहे.

इथल्या मैदानाच्या मागे सरळसोट हिरवा कडा, त्यावर मेंढ्या आणि समुद्रपक्षी. मार्ग्रेत लाउरा विदारसदोत्तिर या बेटाची. देशासाठी १२४ सामने आणि ७९ गोल. एवढे गोल आइसलंडच्या दुसऱ्या कुठल्याही खेळाडूचे नाहीत. २००९ च्या पहिल्या युरोपर्यंत संघ पोहोचला तेव्हाही गोलांचा भार तिच्याच खांद्यावर होता. मैदानात कुणी नव्हतं. एक बाप मुलीला गोलात उभी करून चेंडू मारत होता, आणि वारा असा की प्रत्येक चेंडू भलतीकडे वळत होता. मुलगी वाऱ्याचा अंदाज घेऊन आधीच एक पाऊल सरकायची. या बेटावर वाढलेल्या मुलीला चेंडू वळतो हे कुणी सांगावं लागत नसणार.

इथे बहुतेकांना आडनाव नसतं. वडिलांच्या, कधी आईच्या नावाला मुलासाठी ‘सोन’ जोडतात, मुलीसाठी ‘दोत्तिर’. आपल्या ‘दुहिता’ची ही सख्खी नातेवाईक. बोटीत बसून मी संघाची यादी मोठ्याने वाचली. विग्गोची मुलगी, सिगुर्दची मुलगी, योनची मुलगी. हजेरी घेतल्यासारखं वाटलं.

रविवार, १४ जुलै

परतीचा रस्ता. हाफ्नारफ्योर्दूरला बंदरावर कॉफी घेतली. ग्रिंदाविकच्या फाट्यावर गाडी कडेला लावली. आत जायला सगळ्यांना परवानगी नव्हती, आणि तमाशा बघायला म्हणून मला जायचंही नव्हतं. लांब डोंगरापाशी काळा, नवा लाव्हा दिसत होता, कुठेकुठे वाफ. त्या गावाची मुलं आता देशभर विखुरली आहेत, वेगवेगळ्या शाळांत, वेगवेगळ्या क्लबांत. शुक्रवारी मफलर मुठीत धरून उभी राहिलेली ती बाई आज कुठल्या गावात उठली असेल, कोण जाणे.

मंगळवारी रात्री कोल्हापुरात घरी होते. पोलंडमध्ये शेवटचा पात्रता सामना झाला, स्वेन्डिसच्या गोलाने १-० जिंकला. दुसऱ्या दिवशी सरावाला मुलींना सगळं सांगितलं. सहा मुलींना नाडीची गाठ बुटात खोचायला शिकवलं. मग ‘दोत्तिर’ची गोष्ट निघाली. आईचं नाव लावलं तरी चालतं, हे ऐकून आमची सगळ्यात अबोल गोलरक्षक उठली, आईचं नाव घेतलं, पुढे ‘दोत्तिर’ जोडलं, आणि पळत जाऊन गोलात उभी राहिली.